एलादिओ पुरिसाका आणि त्यांचे सतरा कंपाद्रे

उनिओन बोलिचेरा क्लबच्या कर्त्यासवरत्या आणि आजच्या अध्यक्षा दोन्या सोरायदा, व्यासपीठावरचे आपले फादर बेनिग्नो, नगरपालिकेतून वेळात वेळ काढून आलेले आणि मघापासून घड्याळ बघणारे सन्माननीय पाहुणे, हे सभागृह फुकट देऊन पंखे मात्र बंद ठेवणारे मच्छीमार युनियनचे पदाधिकारी, समोर बसलेल्या चिंबोतेकर बंधूंनो आणि भगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, माझे कंपाद्रे, एलादिओ पुरिसाका.

मी नेमेसिओ वामानचुमो. क्लबचा जुना गोलकीपर. बारा वर्षं मी या माणसाच्या पाठीमागे उभा राहिलो. म्हणजे बारा वर्षं मी त्यांची पाठ बघितली आणि घसा फोडून ओरडलो, आणि त्यांनी त्यातलं निम्मं ऐकलं. मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मला दोन शब्दांत बोलता येत नाही हे अध्यक्षांना ठाऊक असूनही त्यांनी बोलावलं, ही त्यांची चूक.

दारातच सत्कारमूर्तींनी माझी बाही धरली. म्हणाले, "कंपाद्रे, चांगलं चांगलं बोला. आणि तो विषय नको." तो विषय कोणता, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उद्या सकाळच्या गाडीने हे बिऱ्हाड उचलून पार दूर ताक्नाला चालले आहेत. खेळ संपला म्हणून कोणी गाव सोडतं का? मी सोडलं? या गावाच्या हुर्यो करणाऱ्या शिट्ट्या ऐकवत नाहीत म्हणून हे चालले आहेत. कालसुद्धा बाजारात मासेवालीने रोसाउरा वहिनींना सुनावलं, "तुझ्या नवऱ्याच्या कंपाद्रेकडून घे जा बोनितो, आमच्याकडे का येतेस?" आणि मी म्हणे चांगलं चांगलं बोलायचं.

असो. कारकिर्दीबद्दल बोलतो, तशी रीत आहे.

अठरा वर्षं, चारशेहून जास्त सामने. बॅक म्हणून चिंबोतेने असा माणूस पाहिला नाही, हे त्यांचे वैरीही कबूल करतील. गोल मात्र एकच केला, तोही पाठीला लागून. पण माणूस भिडस्त. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. कोणीही यावं आणि म्हणावं, "डॉन एलादिओ, आमच्या पोराचे धर्मपिता व्हा," की हे तयार. बाप्तिस्मा असो, पोराचे पहिले केस कापायचे असोत, घराला छप्पर घालायचं असो, आपल्याकडे प्रत्येकाला धर्मपिता लागतोच. फादर, हे एकूण किती वेळा धर्मपिता झाले, तुम्ही मोजलंय ना? बघा, फादर हसतायत. सतरा वेळा. आणि त्या सतरांतले अकरा बाप दुसऱ्या क्लबांचे फॉरवर्ड आहेत.

आता हे मी तुम्हाला काय सांगू, की आपल्यात पोराचा धर्मपिता झाला की तो बापाचा कंपाद्रे, आणि कंपाद्रे झाला की तू-तुकारी बंद, शिवीगाळ बंद, अंगावर हात टाकणं तर दूरच. फॉरवर्ड लोकांना हे कळलं. मोसम सुरू व्हायच्या आधी पोरं घेऊन रांग लागायची यांच्या दारात. मी म्हटलं, "अहो, हे बाप्तिस्म्याला नाही, तुमचे पाय बांधायला आलेत." तर म्हणाले, "पोराचा त्यात काय दोष?"

लिमाचं तर ऐका. लिमातल्या मोठ्या क्लबने निवडचाचणीला बोलावलं. रविवारी. यांनी त्याच रविवारी छप्पर घालायला येतो असा शब्द दिलेला, कोणाला, तर एका ट्रकवाल्याला, ज्याचं नावसुद्धा यांना धड आठवत नव्हतं. गेले का लिमाला? नाही गेले. छपरावर रिवाजाची बाटली फोडली, बदक-भात खाल्ला आणि सोमवारी सकाळी सरावाला हजर. लिमाहून पुन्हा बोलावणं आलं नाही. मी आठ दिवस यांच्याशी बोललो नाही, आणि आठ दिवस यांना ते कळलंच नाही.

मैदानावर तर नाकी नऊ. दुसरे बॅक फॉरवर्डच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. आणि हे? "कंपाद्रे, इकडून नका येऊ, इकडे वाट नाही." समोरचा म्हणणार, "जाऊ द्या हो कंपाद्रे, एवढा एकच." हे विचारणार, "पोराला दात आले का?" मी मागून ओरडतोय, "अहो, दात कसले मोजताय, बॉल बघा!" पण खरं सांगायचं तर त्या माणसाचं उत्तर तोंडात असतानाच बॉल यांच्या पायात असायचा. दर वेळी. बारा वर्षांत एकाही कंपाद्रेला यांनी सोडलं नाही. फक्त काढून घेताना "माफ करा" म्हणायचे.

कंपाद्रे, बसा. मला खुणा करू नका. दोन्या सोरायदा, त्यांना जरा बसवा. येणार होतो मी त्या विषयावर, आलो.

नऊ वर्षांपूर्वीचा सामना. आपल्या मैदानावर, वारासच्या संघाशी. नुसती बरोबरी झाली असती तरी आपण पहिल्या श्रेणीत गेलो असतो. त्या सामन्याच्या तीन आठवडे आधी हे वारासला जाऊन त्यांच्या फॉरवर्डच्या, मेलितोन कोचाचिनच्या पोराचे धर्मपिता होऊन आलेले. शेवटची दोन मिनिटं राहिली होती आणि मेलितोन सुटला. समोर एकटे एलादिओ, त्यांच्या मागे मी. तुम्ही सगळ्यांनी काय पाहिलं? एलादिओंनी पाय टाकला नाही. हात मागे बांधून नुसते सरकत राहिले, आणि गोल झाला. त्या दिवसापासून गाव म्हणतं, या माणसाने कंपाद्रेला वाचवलं आणि आपल्याला बुडवलं. बरोबर आहे का मी म्हणतोय ते? माना हलवायला लाजू नका, नऊ वर्षं शिट्ट्या वाजवताना लाजला नाहीत.

आणि सामना संपल्यावर रेडिओवाल्याने माझ्या तोंडापुढे माइक धरला. गोल कसा झाला? मी म्हणालो, "मला काय विचारता, त्यांच्या कंपाद्रेला विचारा." एवढंच एक वाक्य. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत तेच.

आता तुम्हाला जे माहीत नाही ते सांगतो. डीच्या आत पाय टाकला तर पेनल्टी, म्हणून पाय टाकायचा नाही, त्याला बाहेर ढकलायचा, हे पहिल्या दिवसापासून मीच यांच्या डोक्यात भरलं होतं. त्यांनी तेच केलं. मेलितोनला ढकलत ढकलत असा कोपऱ्यात नेला की त्याच्याकडे नुसता डावा पाय उरला, आणि त्याचा डावा पाय म्हणजे केवळ उभं राहायला दिलेला. तरी शेवटच्या क्षणी एलादिओ पाय टाकणार होते. मी पाहिलं. बॉल त्यांच्या आवाक्यात होता. आणि मी ओरडलो, "सोडा, माझा आहे!"

त्यांनी सोडला. गोलकीपर माझा म्हणाला की बॅकने सोडायचा असतो. तो फटका, अहो फटका कसला, म्हातारीने बादलीतलं पाणी ओतावं तसा बॉल आला. मी त्याच्यावर पडलो आणि तो माझ्या छातीखालून निसटला. माझी पाठ तुमच्याकडे होती, तुम्हाला दिसलं नाही. त्या गोंगाटात माझी हाक दोघांनीच ऐकली, एलादिओंनी आणि मेलितोनने. मेलितोन आज वारासहून आलेत, तिसऱ्या रांगेत बसलेत. विचारा त्यांना.

मंगळवारी सरावाला मी यांना गाठलं. वाटलं होतं, दोन थोबाडीत देतील. मी म्हणालो, "कंपाद्रे, मी सांगून टाकतो सगळ्यांना." तर म्हणाले, "काही नको. तुम्हाला रविवारी परत गोलमध्ये उभं राहायचंय. गोलकीपरवर शिट्ट्या सुरू झाल्या की त्याचे हात कापायला लागतात, मग तो संपला. घरात तान्ही पोर आहे तुमच्या. मला काय, माझं काम पायांचं." ती तान्ही पोर म्हणजे यांचीच धर्मकन्या. सतरांतला एक बाप मीही आहे.

आणि मी गप्प बसलो. आपलं ठेवलं झाकून. त्या रविवारी चांगला खेळलो, पुढे तीन वर्षं खेळलो, तुम्ही टाळ्या वाजवल्या. मला यांचा राग येतो. खरंच येतो. एकदा तरी म्हणायचं होतं की नेमेसिओ ओरडला होता. एकदा माझ्याशी भांडायचं होतं. नऊ वर्षं हा माणूस माझ्या घरी जेवायला येतो, पोरीला अभ्यास विचारतो, आणि मला तोंड दाखवायला जागा ठेवत नाही. आणि आता न बोलता ताक्नाला निघालाय, म्हणजे मी मरेपर्यंत टाळ्यांचा धनी.

नाही कंपाद्रे, आज तुमचं ऐकणार नाही.

गाव म्हणतं, त्या दिवशी यांनी आपल्या कंपाद्रेला वाचवलं. गावाचं खरं आहे. वाचवलं. तो कंपाद्रे मेलितोन नव्हता, मी होतो.

अध्यक्षा, आपण ही संधी दिलीत, फादरांनी शांतपणे ऐकलं, पाहुण्यांनी घड्याळ खिशात ठेवलं, सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात जीभ घसरली असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तेवढं पदरात घ्या. त्या गोलचं मात्र पदरात घेऊ नका. ज्यांच्याकडे शिट्ट्या शिल्लक असतील त्यांनी इथेच वाजवाव्यात, मी माइक सोडून जात नाही. आणि मासेवाल्या बाई, तुम्ही मागे बसला आहात, मी पाहिलंय. उद्या सकाळची गाडी सात वाजता सुटते. त्याआधी रोसाउरा वहिनींच्या घरी जाऊन या.