काचेआडचं ऊन

...नाही, दात पडतात, सगळ्यांचेच पडतात, पण मला दगा दिला हो! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं दोन्ही वेळा घासलेत, जेवलो की खळखळून चूळ, आणि एके दिवशी सफरचंदाचा घास घेतो तर सफरचंदाला रक्त! समोरचा खालचा दात जिभेने ढकलला तर डुलतोय... मी कुणाचं काय वाकडं केलं होतं?

आणि आमचा मेहुणा बघा! दिवसभर छपरांवर पत्रे ठोकतो, सकाळी ब्रश तोंडातून नुसता फिरवून आणतो, आणि अक्रोड दातांनी फोडतो! बायको म्हणते, "माझ्या भावाचं हाडच काटक!" म्हणजे आमचं काय भुसभुशीत?

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्या साफ केल्या, रक्त तपासायला लावलं. "काका, तुमचं व्हिटॅमिन डी तळाला गेलंय. जंतूंशी लढायला, सूज आवरायला शरीराला ते लागतं. पहारेकरीच उपाशी, मग चोर हिरडीत शिरणारच! या गोळ्या घ्या, उन्हात बसा, तीन महिन्यांनी बघू दात वाचतो का."

गोळ्या? अहो, ऊन फुकट पडत असताना गोळ्या कशाला? टाकल्या ड्रॉवरमध्ये! आणि उन्हाला आपल्याकडे काय तोटा? माझा धंदा काचा बसवायचा, घरची बाल्कनी स्वतःच्या हाताने बंद केलेली, अशी लख्ख काच की पाखरं येऊन आपटतात. तीन महिने, रोज तासभर, बनियन काढून त्या बाल्कनीत बसलो. समोरच्या बाईंनी पडदे बदलून जाड लावले, तरी हललो नाही!

पुन्हा तपासलं... आकडा आणखी खाली! मी कुणाचं काय वाकडं केलं होतं?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसता कुठे?"

म्हटलं, "बाल्कनीत, काचेआड. धूळ नको ना!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो काका, काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण ज्या किरणांनी व्हिटॅमिन तयार होतं ते काच अडवते! आणि गोळ्या?"

म्हटलं, "ड्रॉवरमध्ये."

बायको एक वेळ माहेरी जाईल, पण काच दगा देणार नाही असं वाटायचं हो मला! जिला जन्मभर पुसलं, जिच्यावर पोट भरलं, तीच माझ्या उन्हात आडवी पडली! दात गेला. खिंडार पडलं तोंडात. मी कुणाचं... जाऊ द्या.

आता खरंच गोळ्या घेतो, गच्चीवर उघड्यावर बसतो. परवा एक गिऱ्हाईक आलं. "वडिलांना व्हिटॅमिन डी कमी आहे, आरामात उन्हात बसायला बाल्कनीला काच बसवून द्या." हातातलं काम सोडून हात जोडले मी! म्हटलं, बाबा रे, काच नको, त्यांना उघड्यावर बसव, डॉक्टरांना विचार. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, त्या खिंडाराकडेच. म्हणाला, "काका, आधी स्वतःचे दात सांभाळा, मग आम्हाला तब्येत शिकवा!" आणि गेला समोरच्या दुकानात. बसली काच. छान बसली, मी बघून आलो.

काय करणार? खरं बोलायलासुद्धा समोरचा दात लागतो हो...