घरी बसता कुठं, हे विचारणारे डॉक्टर

सन्माननीय अध्यक्ष किसनराव, रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे सदस्य, व्यासपीठावरील पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर वकार, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी राबियाभाभी, नर्स भगिनी, वॉर्डातले सर्व कर्मचारी, आणि कधी काळी स्ट्रेचरवरून या रुग्णालयात येऊन आज आपल्या पायांनी या सभागृहात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. सूत्रसंचालक गणेश यांनी ते माईक देण्याआधी सांगितलं आणि देताना पुन्हा सांगितलं. माझ्या आधीच्या वक्त्यांना ते सांगायचं राहून गेलं असावं.

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथल्या सिस्टरांनी दोन गोष्टी शिकवल्या, पाठ ताठ ठेवायची आणि चूक दिसली की तिथल्या तिथं बोलायचं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी टेलिफोन खात्यात होते. खोटं कोण बोलतं आहे, हे मला आवाजावरून कळतं. तेव्हा आज इथे इतका वेळ जे चाललं होतं, त्याबद्दल आधी बोलते.

प्रत्येक वक्त्यानं डॉक्टरांच्या हातगुणाचं कौतुक केलं. काय हात, किती स्थिर हात. अध्यक्षमहाराज, हे आत्ताच कसं आठवलं? मागच्या वर्षी याच खामगावात, कापूस बाजारापासून बसस्टँडपर्यंत, याच हाताबद्दल काय बोललं जात होतं? ‘डॉक्टरचा हात आता थरथरते. पेशंट दारात नेला अन् भिऊन ऑपरेशन रद्द केलं.’ इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ते ऐकलं आणि उरलेल्यांनी सांगितलं. मी दोन्हीकडची माणसं ओळखते. डॉक्टरांनी त्यावर एक शब्द काढला नाही. मलाही काढू दिला नाही. मला गप्प बसवणं आजवर फार कमी लोकांना जमलं आहे, हे माझ्या घरचे सांगतील.

आज ते निवृत्त होत आहेत. पिंपळगाव राजाला शेतावर राहायला जाणार आहेत. ही अफवा त्यांच्या पाठोपाठ तिथे पोहोचू नये, म्हणून आज बोलते. ज्याच्यासाठी ते गप्प राहिले, तो जाकीर काल माझ्याकडे आला होता. सगळं सांगू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “सांगा आंटी. स्टेजवरून सांगा. मले सांगता येत नाही म्हणून तर तुमच्याकडं आलो.”

तर ऐका.

अमीरबी माझी शेजारीण. तुमच्यापैकी बरेच जण तिच्या गादीवर झोपता. कापूस पिंजून गाद्या-रजया भरणाऱ्या घरातली ती. नवरा गेल्यावर काम तिनंच सांभाळलं. गादी जमिनीवर पसरायची, कडेला उकिडवं बसायचं, दाभणानं टाके घालत सरकत सरकत पूर्ण फेरी मारायची. एक गादी म्हणजे गुडघ्यांची अर्ध्या दिवसाची हजेरी. मी तिला कितीदा म्हटलं, आता टेबल घे. ती म्हणते, “बाई, टेबलावर कपडे शिवतात. गादीले खालूनच ओढा लागते.”

जाकीर तिचा मुलगा. त्याची सोयरीक ठरली होती. मुलीकडचे अकोल्याचे, फर्निचरच्या दुकानाचे मालक. ते घर पाहायला येणार म्हणून जाकीरनं पुढच्या खोलीतला कापूस मागे हलवला आणि मोठा मखमली सोफा आणला. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. त्याच दिवसांत मोटारसायकलवर आईला मागे बसवून तो पिंपळगाव राजाहून येत होता. गतिरोधक दिसला नाही. तो सावरला. अमीरबी पडली, आणि नडगीच्या हाडाचा वरचा भाग, ज्यावर आपलं सगळं वजन टेकतं तो, फुटला.

मग आपल्याकडची विचारपूस सुरू झाली. येणारी प्रत्येक बाई सुजलेला गुडघा दाबून ‘इथंच का?’ म्हणून विचारत होती. इथंच हे उघड दिसत होतं. शेवटी मी दाराशी खुर्ची टाकून बसले आणि हात लावणाऱ्यांना बाहेरूनच परत पाठवलं.

डॉक्टरांनी सीटी स्कॅन काढायला सांगितलं तेव्हा नातेवाइकांत कुजबुज झाली. एक्सरेचा फोटो जाकीरच्या मोबाइलवरून अर्ध्या जिल्ह्यात फिरला होता आणि कुणा पुण्याच्या भाच्यानं ‘एक प्लेट, सोपं काम’ असं कळवलंही होतं. एक्सरेत हाडाची पुढची आणि मागची बाजू एकावर एक पडते, भिंतीवरच्या सावलीसारखी. सीटीत तोच गुडघा पावाच्या कापांसारखा कापाकापानं दिसतो. हे मला डॉक्टरांनी समजावलं. मी समजून घेतलं. भाचा पुण्यातच होता.

आता डॉक्टरांची एक सवय सांगते. गुडघ्याचा स्कॅन हातात घेतला की ते आधी विचारतात, घरी बसता कुठं? प्रत्येकाला विचारतात. बाहेर याची थट्टा व्हायची. कुणी म्हणायचं, डॉक्टरले घरी चहाले बोलवा, म्हणजे स्वतःच पाहतील. त्या दिवशीही त्यांनी विचारलं. अमीरबी इंजेक्शनच्या गुंगीत होती. उत्तर जाकीरनं दिलं. आणि शेजारी अकोल्याचे होणारे सासरे उभे होते.

जाकीर म्हणाला, “सोफ्यावर. आमच्या घरी खाली कोणी बसत नाही, साहेब.”

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

सूज उतरली, कातडीवर सुरकुती दिसायला लागली, तेव्हा ऑपरेशनचा दिवस ठरला. पिंपळगावहून नात्यातली माणसं डबे घेऊन आली. सासरेही आले. किसनराव, तुम्हीही आला होता. सगळे बाहेरच्या व्हरांड्यात. आत, ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी, आम्ही चौघंच होतो. स्ट्रेचरवर अमीरबी, तिचा हात धरून जाकीर, तिचे कानातले सांभाळत मी, आणि पायावर पेनानं खूण करायला आलेले डॉक्टर.

अमीरबी त्यांना म्हणाली, “डॉक्टरसाब, एक विचारू? गादीवर कधी बसता येईन?”

“पलंगावरच्या गादीवर? चार दिवसांत.”

“तसं नाही. भरायच्या गादीवर. खाली.”

डॉक्टरांचा पेन थांबला. “खाली बसता तुम्ही?”

“मी तं खालीच बसतो. जन्म खालीच गेला. नमाज खुर्चीवर होते, अल्लाह समजून घेते. गादी खुर्चीवर नाही होत. गिऱ्हाईक समजून नाही घेत.”

“मग सोफ्यावर कोण बसतं?”

“सोफ्यावर? अजून कोणीच नाही बसलं. पाव्हण्यायसाठी आहे तो.”

डॉक्टरांनी जाकीरकडे पाहिलं. पोराची मान खाली. मी बोलायला तोंड उघडलं होतं. डॉक्टरांनी हात वर केला आणि एवढंच म्हणाले, “बाई, आत्ता नको. बाहेर याचे सासरे आहेत.”

आणि ते व्हरांड्यात गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, “आज ऑपरेशन होणार नाही. मला स्कॅन पुन्हा पाहावा लागेल. माझं नियोजन बदलायचं आहे.”

माझं नियोजन. मुलानं चुकीचं सांगितलं, असं नाही म्हणाले.

मग जे झालं ते तुम्हाला माहीत आहे. किसनराव, तुम्ही म्हणालात, “डॉक्टर, पेशंट दारात आहे, प्लेट-स्क्रूचं सामान अकोल्याहून आलं आहे, आता काऊन मागं सरता?” तुमचा आवाज मोठा आहे, तो रस्त्यापर्यंत गेला. सासरे म्हणाले, “याइले विश्वास नसन तं आम्ही अकोल्याले नेतो.” डॉक्टर म्हणाले, “नेऊ शकता. स्कॅन सोबत द्यायला सांगतो. तिथल्या डॉक्टरांसाठी बंद पाकिटात चिठ्ठीही देतो.” जाकीर तिथेच उभा होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो बोलला, “नाही. अम्मी इथंच राहीन.”

त्या दुपारी डॉक्टरांनी जाकीरला आणि मला संगणकासमोर बसवलं. पडद्यावर अमीरबीचा गुडघा फिरवला. समोरून पाहिलं तर बाहेरच्या बाजूचा तडा दिसत होता, त्यासाठीच ती एक प्लेट ठरली होती. मग त्यांनी चित्र फिरवून पाठीमागून दाखवलं. मागच्या आतल्या कोपऱ्यात एक तुकडा सुटलेला होता, जेमतेम सरकलेला.

“हा मी पहिल्या दिवशीच पाहिला होता,” ते म्हणाले. “खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा हा तुकडा आहे तिथे जुळून येईल असं वाटलं. त्यासाठी मागून आणखी एक चीर कशाला द्यायची? पण माणूस उकिडवा बसला की सगळा भार गुडघ्याच्या याच मागच्या भागावर येतो. पुढून मारलेले स्क्रू याला धरत नाहीत. त्या खाली बसल्या असत्या आणि हा घसरला असता.”

जाकीर रडायला लागला. डॉक्टर त्याला म्हणाले, “अरे, सोफा घेतलास तो काही गुन्हा नाही. फक्त हाडाला खोटं सांगू नकोस.” आणि पुन्हा पडद्याकडे वळले. त्यांनी कागदावर हाड काढलं, पुढून एक, मागून एक. कुठली प्लेट आधी, कुठला स्क्रू किती तिरका, कोणता कुणाच्या आड येणार नाही. मी सिस्टरांच्या शाळेत भूमिती शिकले आहे. इतकी स्वच्छ आकृती मी फळ्यावरही पाहिली नव्हती.

नंतर ऑपरेशन झालं. अमीरबीला आधी पालथं निजवून मागून प्लेट लावली, मग उताणं करून बाहेरून. पण तोवर गावानं आपला निकाल दिलेला होता. हात थरथरतो. काही रुग्ण दुसरीकडे गेले. डॉक्टरांना ते दिसत होतं. एका वाक्यात खुलासा झाला असता, आणि जाकीरची सोयरीक मोडली असती. ते वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. जाकीरचं लग्न झालं. महनूर, त्याची बायको, तिसऱ्या रांगेत बसली आहे. खरं काय ते त्यानं तिला लग्नाआधीच सांगितलं होतं, आणि लग्न होऊन आल्यावर तिनं सासूबाईंकडून आधी टाके शिकून घेतले. तिच्या वडिलांना मात्र हे आजच कळतं आहे. साहेब, इथेच आहात, बरं झालं.

तेव्हा याला हातगुण म्हणू नका. हातगुण म्हटलं की सगळं दैवावर ढकलता येतं आणि आपल्याला काही शिकावं लागत नाही. हे पाहणं आहे, विचारणं आहे, आणि उत्तर बदललं तर चारचौघांत स्वतःची योजना फाडून टाकण्याची हिंमत आहे. किसनराव, त्यांच्या जागी जो कोणी येईल, त्याच्या पदव्या तुम्ही जरूर तपासा. पण तो रुग्णाला काय विचारतो, हेही दाराशी उभं राहून एकदा ऐका. आवाज न करता.

राबियाभाभी, तुम्ही ते सगळे महिने बाजारात मान ताठ ठेवून हिंडलात. सगळं माहीत असून कुणाला उत्तर दिलं नाहीत. माझ्याच्यानं ते झालं नसतं. तुमचे आभार मानायचं इथे कुणाला सुचलं नाही, म्हणून मी मानते.

नर्स भगिनींचे, आयोजकांचे आणि तुम्हा श्रोत्यांचेही आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर वयाकडे पाहून क्षमा करावी. जे मुद्दाम बोलले, त्याबद्दल मात्र क्षमा मागत नाही.

एवढं एक सांगून बसते. हाड जुळल्यावर डॉक्टरांनी अमीरबीला तपासायला बोलावलं. बाहेर रांग लागली होती. त्यांनी खोलीत सतरंजी टाकायला लावली आणि म्हणाले, “बसा.” भिंतीला हात लावून ती खाली गेली. हळूहळू, पण पुरती.

“दुखतं?”

“थोडंसं.”

“आता उठून दाखवा.”

ती म्हणाली, “थांबा जरा, डॉक्टरसाब. बसू द्या.”

आणि डॉक्टर थांबले.