आप्पांच्या कानातलं भजन

चहा पिऊन घ्या आधी, हे ऐकल्यावर गोड लागायचा न्हाय. खासबागेत आमच्या शेजारी आप्पा राहतात. त्यांचं कानातलं मशीन मोबाईलला मीच जोडून दिलतो. मोबाईल पेटीवाल्याजवळ ठेवायचा आन आप्पांनी देवळात पार मागं बसायचं, तरी भजन थेट कानात. लई खूश असायचे.

मग त्यांची बायको, आमच्या आक्का, गेल्या. बाराव्याला तिन्ही लेकं आलती. सकाळी घरात भजन झालं, तवा ठेवलेला मोबाईल तिथंच आक्कांच्या फोटोपाशी राहिला. जेवणं झाल्यावर लेकं त्याच खोलीत दार लोटून बोलत बसली. मी आन आप्पा मागं परड्यात. आप्पा डोळं मिटून मान हलवत होते.

थोरला हात धुवायला मागं आला. मला म्हणाला, "बसू दे त्यांना. त्यांना कुठलं ऐकू येतंय!" आन परत खोलीत गेला.

मी आप्पांच्या कानाशी वाकून इचारलं, "आप्पा, भजन लावलंय व्हय?"

"व्हय रं," आप्पा म्हणाले. "तिघंबी एकच ओळ धरून बसल्यात. 'माझ्याकडं न्हाय जमायचं.'"