पाण्याचा पेला

ओनोमिची शहरातल्या आमच्या पेठेत कॉफीचे कच्चे दाणे निवडून दिले, की ते समोरच गरम हवेवर भाजून देतात. बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं आपल्या दाण्यांची वाट बघत बसलं होतं. आजोबा कुरकुरत होते.

"हे कसलं भाजणं? नुसता गरम वारा. आपलं भाजायचं पिंप कसं आचेवर संथ फिरायचं."

"फिरायचं, आणि दुकानभर धूर."

"चाळीस वर्षं दाणा फुटल्याचा आवाज ऐकून, नेमकी तेव्हाच आच कमी करून भाजलं मी. ही यंत्रावरची पोरगी काचेतून रंग बघते. कान लागतो, कान."

"लागतो खरा."

"या घोंघाटात तिला काय ऐकू येणार?"

"यंत्र कधीच थांबलंय, अहो. दाणे निवताहेत."

"काय?"

"म्हटलं, दाणे निवताहेत."

"हं... अगं, एक विचारू?"

"विचारा की."

"शेवटची तीन वर्षं, दाणा फुटायच्या वेळेलाच तू पाण्याचा पेला घेऊन यायचीस."

"भट्टीजवळ तहान लागते माणसाला."

"भर थंडीत?"

"तुम्ही प्यायचात ना पण?"

"प्यायचो. आणि लगेच आच कमी करायचो."