कॅमेऱ्याकडं बघू नका

कँडिड फोटोग्राफी मी पुस्तकं वाचून शिकलो, अन् पहिलीच ऑर्डर पाली गावातल्या लग्नाची मिळाली. पुस्तकात लिहिलं होतं, लोकांना कळू न देता फोटो काढा. म्हणून मी मांडवात खांबाआड दबा धरून बसलो. नवरीच्या मामांनी मला तिथंच पकडलं.

"चोरावानी कशाला बसलास बे?"

"मामा, कुणी कॅमेऱ्याकडं बघत नसलं की फोटो लई भारी येतो."

"मग आधी सांगायचं न्हाई का!" असं म्हणून मामांनी थेट माईक घेतला. "मंडळी, फोटोवाले चोरून फोटो काढायलेत. कुणीबी कॅमेऱ्याकडं बघू नका!"

सगळा मांडव ताठ झाला. मी जिकडं वळायचो, तिकडच्या माना दुसरीकडं वळायच्या. नवरदेवानं पंख्याकडं बघत घास भरवला, तो नवरीच्या नाकाला लागला. वाटलं, आपला धंदा सुरू व्हायच्या आधीच बुडाला.

अल्बम द्यायला मामांकडं गेलो. मामांनी एकेक पान निरखून बघितलं अन् पाठीवर थाप मारली. "शाब्बास! एकबी माणूस बघत न्हाई."

शेजारी बसलेल्या चौसाळ्याच्या पाहुण्यांनी तिथंच मला त्यांच्या पोरीच्या लग्नाची ऑर्डर दिली. फक्त एवढंच विचारलं, "आमच्या लोकांची तालीम कवा घेता?"