भरेल कोठीचं कुलूप

...हसा तुमी, पन मी अजूनबी घड्याळाकडं पायलं का भेतो, बाप्पा.

अन् भेऊ नोको तं काय करू? नात माही, रागिनी, सहा वर्साची. डॉक्टर म्हने, "किसनराव, आपण जेवलो की उरलेली साखर लिव्हर साठवून ठेवतं. पोट रिकामं झालं की तीच काढून देतं. हिची कोठी गच्च भरली आहे, पण कुलूपच उघडत नाही." जन्मापासून! घरात दाना अन् लेकरू उपाशी, हे कोनती रीत झाली, सांगा? म्हनून दर चार घंट्यानं मक्याचं पीठ, थे पांढरं कॉर्नफ्लोर, पान्यात कालवून, कच्चं. थे पोटात हळूहळू पचते, तोवर पोट्टी खेळते. टाइम चुकला का... मी भेतो, बाप्पा.

त्या दिवशी सून, नीलम, अमरावतीले गेली. जाता जाता तीनदा बजावलं, "मामाजी, अकराले पीठ. कच्चंच." म्या म्हटलं, जाय तू, मले काय पीठ कालवता येत नाई? अन् अकराले गिलास हातात घेतला, तं शेजारची बेबीताई दारात. "काहो भाऊजी, कच्चं पीठ लेकराले? पोटात गोळा होईन ना. जरासाक कढ द्या." मलेबी पटलं. आपल्या इकडं कच्चं तं ढोरं खातेत! शिजवलं. पोट्टीनं चाटूनपुसून खाल्लं, म्हने, "आबाजी, तुमीच देत जा." मी असा फुगलो का इचारू नका.

साडेबाराले पायतो तं बाहुली हातातून पडेल, अंग थंडगार, घाम, डोये कुठंतरीच. "रागिनी, ओ रागिनी..." नुसती "हूं." नीलमनं शिकवेल होतं तशी बोटाले सुई टोचली, मशीन म्हने साखर बेचाळीस, पायजे सत्तरच्या वर. ग्लुकोजचा डबा उघडता उघडेना, दातानं उघडला, अर्धा खाली सांडला, अर्धा गिलासात, घोट घोट पाजलं. नीलमले फोन लावला तं मी नुसता "बेचाळीस, बेचाळीस" करत रायलो, अन् ते तिकडून, "मामाजी, नीट बोला ना, मामाजी..." वीस मिनिटं. आयुष्यात एवढा कधी भेलो नाई. मंग पोट्टी म्हने, "आबाजी, रडून काहून राहिले?"

दवाखान्यात डॉक्टर म्हने, "शिजवलेलं पीठ लवकर पचतं, साखर झटकन येते अन् झटकन संपते." अन् माहंच बोट धरलं. मीबी शुगरवाला ना. सकायपासून पोटात अन्नाचा कन नाई, तरी मशीन म्हने तीनशे बारा! "हे भीतीनं. माणूस घाबरला की लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं." घ्या. जिले पायजे तिची कोठी बंद, अन् माही कोनी न मांगता सताड उघडी.

तवापासून नीलम माह्या ताटाजवळ उभी रायते. "मामाजी, आज भेले का?" खोटं बोलून काय करता, मशीन तिच्याच हातात. म्हटलं, मी तं रोजच भेतो, माय. तिनं ताटातला भात उचलला, अन् म्या उचलू देल्ला.