दोन्ही रूळ कापायचे

नणंद – म्हणजे या खेळण्यातल्या गाड्यांपैकी नंबर तू फक्त काळ्या इंजिनाला दिलास आणि घेतला सगळ्यांनी?

वहिनी – सगळ्यांनी, वन्सं. काळं आपला नंबर विसरलं होतं, म्हणून पुन्हा दिला. बटण फिरवलं तर अख्खी फलटण एकदम निघाली. दोन तर बोगद्यात समोरासमोर आपटली. मी हायच खाल्ली. म्हटलं, हे ह्यांच्याबरोबरच संपलं, आपल्याला नाही जमायचं. त्यांच्या गाड्यांच्या क्लबला सांगून टाकलं, सगळं घेऊन जा. संध्याकाळी येताहेत ते.

नणंद – आधी मला विचारायचं नाही? माझा जन्म लिफ्टच्या वायरी जोडण्यात गेलाय.

वहिनी – तुमचाही भाऊच गेलाय. तुम्हाला कुठं या टेबलाखाली घालू, असं वाटलं.

नणंद – घातलंस ना शेवटी? मग तो दिवा जरा इकडं धर. हं. आता सांग, तो नंबर कसा द्यायचा?

वहिनी – ते कडेच्या या तुकड्यावर इंजिन ठेवायचे आणि या बटणांच्या पेटीवर आकडा टाकायचे. मीही तेच केलं. हां, त्याआधी ते बाकीची सगळी इंजिनं उचलून खोक्यात ठेवायचे. मला वाटायचं, धूळ पुसायला काढतात.

नणंद – धूळ कसली, वेडाबाई! हा तुकडा बाकीच्या रुळांना जोडलेलाच आहे. पेटी नंबर सांगते तो रुळातूनच. जो कोणी रुळावर उभा असेल तो ऐकतो आणि आपलाच समजतो. म्हणून तो बाकीच्यांना बाहेर काढत होता.

वहिनी – दर वेळी? एवढी उचलाउचल करण्यापेक्षा हा तुकडा वेगळा का नाही केला मग?

नणंद – रूळ कापावा लागतो. स्वतः बसवलेला. जिवावर आलं असेल त्याच्या. ही घे करवत.

वहिनी – मी? नको हो. अंगात ताप असताना बसून ठोकलाय त्यांनी हा. मी करवत चालवू त्यावर?

नणंद – मग राहू दे. क्लबवाले नेतील, ते कापतील.

वहिनी – तसं नका बोलू.

नणंद – मग कसं बोलू? तुला हवंय का हे घरात, ते सांग.

वहिनी – हवंय. संध्याकाळी या खोलीतून आवाज आला नाही की घर खायला उठतं मला. द्या ती करवत. कुठं कापू?

(बराच वेळ फक्त करवतीचा आवाज.)

वहिनी – तुटला.

नणंद – एक तुटला. आता शेजारचा.

वहिनी – अजून? एक वायर तोडली की दिवा विझतो ना?

नणंद – हा दिवा नाही. एक रूळ जोडलेला राहिला तरी भरवसा नाही. दोन्ही कापायचे, फटीत प्लास्टिकची चकती चिकटवायची आणि या तुकड्याला पेटीपासून वेगळ्या दोन वायरी द्यायच्या. आणि लक्षात ठेव, नंबर देताना इंजिन पूर्ण आत हवं. चाक फटीवर राहिलं की दोन्हीकडचं पुन्हा जुळलं.

वहिनी – वन्सं, तुम्ही आलात म्हणून. नाहीतर मी आज सगळं देऊन मोकळी झाले असते आणि उद्या रडत बसले असते. तुमचे उपकार कसे फेडू?

नणंद – उपकार कसले? माझ्या भावाला अख्खी खोली दिलीस तू. कपाटं बाहेर पॅसेजमध्ये लावलीस. त्याच्या शेवटच्या दिवसांत तो मला फोनवर फक्त या गाड्यांबद्दल बोलायचा, दुखण्याबद्दल नाही. मीच तुझी ऋणी आहे. कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

वहिनी – ती चकती द्या इकडं. मी बसवते.

नणंद – बसव. तोवर वायरी जोडते मी. नंबरांचं काय पण? जुने कुठून आणायचे?

वहिनी – काळं एक्केचाळीस. हिरवं बारा. मालगाडीचं जाडं सत्तर, ते छोटं लाल पाच.

नणंद – पाठ आहेत तुला?

वहिनी – न व्हायला काय झालं! मी स्वयंपाकघरात असले की इथून ओरडायचे, ‘एक्केचाळीस निघाली गं!’ मी म्हणायचे, निघू दे, माझी भाजी करपतेय. ती निघताना कधी उठून बघायला आले नाही. ऐकलं मात्र रोज.

नणंद – झाल्या वायरी. बाकीच्यांना एकेक करून आपापले नंबर दिले, आता ठेव काळं आत. चाकं बघ.

वहिनी – चारी बाजूंनी आत आहे. टाकते एक्केचाळीस.

नणंद – आता ते मोठ्या रुळावर आण आणि बटण फिरव. हळू.

वहिनी – निघालं. वन्सं, एकटंच निघालं! बाकीची जागची हललीसुद्धा नाहीत.

नणंद – बघतेय मी. बरं, क्लबवाल्यांना काय सांगू?

वहिनी – या म्हणावं. चहाला या. टेम्पो तेवढा आणू नका.